काकूची मडी

२३ मार्च २०२५, रविवार

ही वही सुप्रीतानं आणली. रक्तदाब मोजून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "राग आला की गिळू नका, आणि ओरडूही नका." मग करायचं काय, ते त्यांनी सांगितलं नाही. बायकोनं सांगितलं. "लिहा. माझ्यावर ओरडण्यापेक्षा कागदावर ओरडा. कागद उलट बोलत नाही." लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, अजून तिच्यापुढे माझं काही चालत नाही. म्हणून लिहितो.

नाव बिंदुमाधव, वय चोपन्न. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात पंपाचे सुटे भाग तपासायचे आणि पास की नापास ते ठरवायचं, हे माझं काम. केसाएवढी चूकही माझ्या नजरेतून सुटत नाही असं खात्यात म्हणतात. माझ्या पाठीमागे आणखीही बरंच काही म्हणतात. आज राग आलेला नाही, तेव्हा इथंच थांबतो.

३० मार्च, उगादी

आज आला.

पाडव्याचं जेवण नेहमीप्रमाणे चामराजपेटला, काकूकडे. काकू म्हणजे वसुमती, माझ्या चुलत्यांची बायको. मी नऊ वर्षांचा असताना आई गेली. वडिलांची नोकरी फिरतीची, त्यामुळे मी काकूच्या पदरात पडलो आणि लग्न होईपर्यंत तिथंच राहिलो. तिला स्वतःचं मूल नाही. काकांना जाऊन अकरा वर्षं झाली. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होती. मे महिन्यात ऐंशीची होईल. खाली ती एकटी राहते, वर एक भाडेकरू मुलगी.

जेवणाआधी मी सवयीनं स्वयंपाकघराकडे वळलो. डब्यातली पुरणपोळी मोडून तोंडात टाकायची आणि काकूनं हातावर चापट मारायची, हाच आमचा सण. उंबऱ्यात पाऊल पडतंय तोच ती केवढ्यानं ओरडली, "कोण? बिंदू? तिथंच थांब! मडी आहे! शिवू नको कशाला!"

मडी म्हणजे पुण्याकडचे लोक ज्याला सोवळं म्हणतात ते. आंघोळ करून, धुतलेलं नेसून स्वयंपाक करायचा, मध्ये कुणी शिवायचं नाही. आता ही काकू कोण? हिच्या सासूनं, म्हणजे माझ्या आजीनं, मडीच्या नावाखाली हिला अर्धं आयुष्य छळलं. ही त्याचा सूड म्हणून मला बेकरीत नेऊन अंड्याचा केक खायला घालायची आणि तोंड पुसून घरी आणायची. त्या बाईनं मला, चोपन्न वर्षांच्या माणसाला, उंबऱ्यावर थांबवलं. उंबऱ्यावर रांगोळीची रेघसुद्धा ओढलेली.

वाढायच्या वेळीही नवीनच प्रकार. आधी पानाची कड बोटानं चाचपायची, मग वाढायचं. ओठ हलत होते. काय मंत्र पुटपुटत होती कोण जाणे.

येताना गाडीत मी सुप्रीताला म्हणालो, "म्हातारपणी माणसं देवाला घाबरतात." ती म्हणाली, "काकू कुणाला घाबरणाऱ्यातल्या नाहीत." आमचं त्यावरूनही वाजलं.

६ एप्रिल, रामनवमी

काकूचं गुळाचं पानक आणि भिजल्या डाळीची कोसंबरी खाल्ल्याशिवाय मला रामनवमी झाल्यासारखी वाटत नाही. पण आज पानक ओतताना तिनं पेल्याच्या आत बोट धरलं आणि पानक बोटाला लागलं की थांबली. असे सहा पेले! म्हणजे मी डब्याला शिवलो तर विटाळ, आणि हिचं बोट पेल्यात गेलं तर प्रसाद. मी बोललोही. काकू हसली. म्हणाली, "माझं बोट मडीचं आहे."

अंगणात रांगोळीच्या नुसत्या दोन रेघा. एके काळी एकवीस ठिपक्यांची काढायची. साडी उलटी नेसली होती. सुप्रीतानं हळूच सांगितलं, तर म्हणाली, "मडीत अशीच नेसतात." हा नियम मी कधी ऐकला नव्हता. आजीनं काढला नव्हता म्हणजे बघा.

नक्की कुणीतरी हिच्या डोक्यात हे भरवतंय.

२१ एप्रिल, सोमवार, बसमध्ये

संशयित सापडला. वरची भाडेकरू, यशश्री. पुण्याची, सव्वीस वर्षांची, संगणकाच्या कंपनीत. काल संध्याकाळी मी काकूकडे होतो. बरोबर सात वाजता ही खाली आली, मला बघून दचकली आणि "आजी, आपलं ते…" एवढं बोलून गप्प झाली. काकू म्हणाली, "पाच मिनिटं थांब बिंदू, आमचं स्तोत्र असतं." दोघी आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावलं. स्तोत्र काही ऐकू आलं नाही. पाच मिनिटांनी काकू डोळे पुसत बाहेर आली. भक्तीनं पाणी आलं असणार!

रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला, नेमानं. मी यशश्रीला जिन्यात गाठून विचारलं, "कुठल्या पंथाच्या आहात तुम्ही?" ती म्हणाली, "काका, मी तर टोटली नास्तिक आहे." या नव्या पंथांची माणसं असंच सांगतात.

काकूनं पेपरही बंद केलाय. "रोज तेच तेच छापतात, रेडिओ बरा," म्हणाली. संसारातून मन काढून घ्यायची ही लक्षणं. मला भारी वाईट वाटलं. माझ्यातून तरी काढू नये.

१२ मे, सोमवार

रविवारी काकूचा ऐंशीवा वाढदिवस. द्यायचं काय, हे ठरलं. तिच्या स्वयंपाकघरात मी चोरून डोकावलो होतो. पन्नास वर्षांचे डबे. एक गोल, एक चौकोनी, एकाचं झाकण दुसऱ्याला, चिनी बरणीचा काठ उडालेला. चिठ्ठी कशावरच नाही.

आमच्या कारखान्यात एक जपानी पद्धत आहे. नको ते काढून टाका, हवं ते ठरल्या जागी ठेवा, सगळं एकसारखं आणि सगळ्यावर नाव. तिच्यासाठी मला तीनदा बक्षीस मिळालंय. काकूला एवढा विटाळाचा सोस आहे ना, तर असं स्वयंपाकघर करून देतो की बघत राहील.

१९ मे, सोमवार

झालं! सुप्रीतानं शनिवारी काकूला दोन दिवस आमच्या फ्लॅटवर नेलं. (खरं तर ओढून नेलं. ती यायलाच तयार नव्हती.) मी इकडे चामराजपेटला आंघोळ करून, म्हणजे मडी पाळून, कामाला लागलो. चोवीस काचेच्या बरण्या, सगळ्या एका मापाच्या, झाकणं एका रंगाची. प्रत्येकीवर मराठीत आणि कन्नडमध्ये छापलेली चिठ्ठी. उंचीनं बुटकी होती ती मांडणी चार बोटं वर घेतली, म्हणजे वाकायला नको. गॅस उजवीकडून डावीकडे नेला, तिथं उजेड जास्त आहे.

जुने डबे लाल चिठ्ठी लावून बाद केले आणि गुजरीवाल्याला, म्हणजे भंगारवाल्याला, देऊन टाकले. त्यात साखरेचा अल्युमिनियमचा डबा होता, तो एका बाजूनं असा आत गेलेला की आमच्याकडे आला असता तर मी पुरवठादाराला फोनवर सोलून काढलं असतं. कुणी केली होती ती करामत, देव जाणे. असला माल काकूनं इतकी वर्षं वापरला!

काकू काल संध्याकाळी परत आली. स्वयंपाकघरात गेली. हात फिरवत राहिली, बरणीवरून बरणीवर. मग म्हणाली, "काचेच्या आणल्यास होय?"

"चोवीस! आवडल्या?"

"छान केलंस, बाळा."

मला तिनं तिसावं लागल्यावर बाळ म्हणायचं सोडलं होतं. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. माझ्याही.

सुप्रीताचं मात्र बरण्यांकडे लक्षच नव्हतं. रात्री म्हणाली, "दोन दिवस काकू आपल्याकडे एकाच खुर्चीवर बसून होत्या. पाणीसुद्धा नको म्हणाल्या. उठल्या की भिंत धरून चालायच्या. बाल्कनीच्या काचेवर कपाळ आपटलं." मी म्हणालो, "आपल्या घरच्या वस्तूंना शिवायचं नसेल. मडी." तिनं तोंड फिरवलं. एकेकदा ही बाई फार लांब चेहरा करते.

२५ मे, रविवार

काकूनं माझ्यासाठी खीर केली. पहिला घोट घेतला आणि डोळे पांढरे झाले. साखरेच्या जागी मीठ! मी तोंड एवढं वाकडं केलं की लहान मूलही हसलं असतं. काकू समोर बसून माझ्याकडे बघत प्रेमानं विचारतेय, "कशी झालीय?"

"फर्स्ट क्लास," म्हणालो आणि वाटी संपवली. रक्तदाबाच्या डॉक्टरांनी हे वाचू नये.

पण मनात किडा शिरला. बरणीवर ठळक अक्षरांत 'साखर' आणि 'मीठ' लिहिलंय. वाचूनही चुकते म्हणजे विसरायला लागली की काय?

१ जून, रविवार

काकूच्या स्मरणशक्तीची परीक्षा घेतली, तिला कळू न देता. आज वार कोणता, परवा काय खाल्लं, काकांची नोकरी कधी लागली. सगळं बरोबर. मग तिनंच गंमत म्हणून एक्स्चेंजमधले पंचवीस-तीस जुने फोन नंबर घडाघडा म्हणून दाखवले, कोणाचा आवाज कसा होता त्याच्यासकट. "माणूस 'हलो' म्हणायच्या आधी श्वास घेतो ना, त्यावरून ओळखायची मी," म्हणाली. वर मलाच विचारलं, "तुझ्या लग्नाचा मुहूर्त किती वाजताचा होता?" मला आला नाही. सुप्रीता समोरच बसलेली होती.

काकू पास. मी नापास.

निघताना यशश्री फाटकापाशी आली. "काका, तीस जूनला मी रूम सोडतेय, पुण्याला ट्रान्स्फर झालीय. मी गेल्यावर आजींकडे सकाळ-संध्याकाळ कुणीतरी यायला हवं. प्लीज बघा ना." मी म्हणालो, "स्तोत्र तिला पाठ असेल आता." ती काहीतरी बोलणार होती, पण आतून काकूची हाक आली, "यशश्री!" तशी निघून गेली.

८ जून, रविवार

आज जे केलं त्याची लाज वाटते, म्हणून आधी घडलं ते लिहितो.

सकाळी यशश्रीचा फोन. काकूचा हात भाजला. जाऊन बघतो तर मनगटापासून कोपरापर्यंत फोड. फोडणी करताना कढई तिथं आहे हे लक्षात आलं नाही म्हणे. गॅस डावीकडे, हात उजवीकडची सवय असलेला. डॉक्टरकडे नेऊन मलमपट्टी करून आणली आणि मी निकाल दिला, "काकू, बास झालं. तू आता आमच्याकडे राहायला यायचं. हे घर बंद करू."

"येणार नाही."

"का?"

"नाही म्हणजे नाही, बिंदू. साकू." साकू म्हणजे पुरे. काकूनं कन्नडमध्ये पुरे म्हटलं की तिच्याकडचा विषय संपतो.

माझा नाही संपला. मी ओरडलो. तू हट्टी आहेस, तुझ्या मडीनं तुझं डोकं फिरवलंय, आजीसारखी झालीस तू, अगदी आजीसारखी! हे मी काकूला म्हणालो. तिचा एक हात पट्टीत, दुसरा मांडीवर. "राहा मग तुझी मडी घेऊन," असं म्हणून मी दार आपटून आलो.

वही आणली होती ना ओरडण्यासाठी? ती इथं घरीच विसरून गेलो होतो. पण हे कारण मला स्वतःलाच पटत नाही.

९ जून

आज काकूशी फोनवर बोललो नाही. म्हणजे मी उचलला नाही. तिनं केला होता.

११ जून, बुधवार

आज जे कळलं ते मला दोन महिन्यांपूर्वी कळायला हवं होतं.

सकाळी कारखान्यात खंडोजीच्या यंत्रापाशी उभा होतो. खंडोजी तीस वर्षांपासूनचा कामगार. भोकाच्या काठावर धातूचं बारीक कुसळ राहिलं आहे का ते तो बघत होता, म्हणजे बघत नव्हताच. मान दुसरीकडे, माझ्याशी गप्पा, आणि अंगठ्याचं नख काठावरून फिरतंय. मी झापलं, "डोळ्यांनी बघा की!" तो म्हणाला, "चष्मा बदलायचा झालाय सर. स्वल्प कमीच दिसतं. पण नखाला कळतं."

नखाला कळतं.

माझ्या डोळ्यांपुढे पेला आला. पानक, आणि त्यात बोट. पानाची चाचपलेली कड. दोन रेघांची रांगोळी. उलटी साडी. मीठ. मी तिथंच एका खोक्यावर बसलो. खंडोजी पाणी घेऊन आला. त्याला वाटलं, माझा रक्तदाब वाढला.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून चामराजपेटला गेलो. दार उघडं होतं. चपला बाहेर काढल्या. काकू बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून पट्टीच्या हातानं घेवड्याच्या शेंगा मोडत होती. मी दारात उभा राहिलो, तिच्यापासून चार पावलांवर. बोललो नाही. भर दुपारचा उजेड माझ्या तोंडावर होता.

तिनं मान वर केली. सरळ माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली,

"यारु?"

कोण, म्हणून विचारलं. मला! तेही मराठीत नाही, दारात आलेल्या परक्याला विचारावं तसं कन्नडमध्ये.

"यारु अदु?" शेंग मोडायची थांबली. काकूच्या आवाजात भीती मी जन्मात पहिल्यांदा ऐकली.

"मी आहे, काकू. बिंदू."

तिचा चेहरा सैल झाला आणि लगेच पुन्हा आवळला. ती हुशार आहे, सगळं समजली.

"तपासायला आलास होय?" म्हणाली. "नापास ना मी?"

मी तिच्या पायाशी बसून रडलो. मोठ्यानं रडलो. चोपन्न वर्षांचा माणूस. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, तोसुद्धा शोधत शोधत, आधी खांद्याला लागला, मग डोक्याला.

दोन वर्षं झाली म्हणे. काचबिंदू. तिची तीच रिक्षानं डॉक्टरकडे गेली होती. दिवसातून दोनदा डोळ्यांत औषधाचे थेंब. स्वतः घालायला गेली की गालावर पडायचे. मग यशश्रीला शपथ घालून ते काम दिलं. तेच स्तोत्र.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू काय केलं असतंस?"

"आमच्याकडे नेलं असतं."

"म्हणूनच. इथं मला दिसतं, बिंदू. खाटेपासून न्हाणीघर नऊ पावलं. उंबऱ्यापासून ओटा चार. डाळ चौकोनी डब्यात असायची, मीठ फुटक्या काठाच्या बरणीत. हात लावला की सगळं दिसायचं. कुणी एक वस्तू हलवली की तेवढं अंधारं होतं. तुझ्या घरी मला भिंत कुठं संपते तेही माहीत नाही. तुझ्या घरी मी आंधळी आहे."

"आणि मडी?"

काकू हसली. "तुझ्या आजीनं त्या एका शब्दावर मला अकरा वर्षं स्वयंपाकघराबाहेर ठेवलं. 'मडी' म्हटलं की पुढं कुणी पाऊल टाकत नाही, कुणी वस्तू हलवत नाही आणि कुणी कारण विचारत नाही. म्हटलं, एवढं सोसलंय, आता माझ्या उपयोगाला तरी येऊ दे."

मग म्हणाली, "फक्त तू उंबऱ्यावर थांबायचास ना, ते वाईट वाटायचं."

मी तिला त्या घरातून काढणार होतो. दार आपटून गेलो होतो. आणि त्याआधी तिचे डबे, म्हणजे तिचे डोळेच, लाल चिठ्ठी लावून भंगारात दिले होते. "छान केलंस, बाळा," म्हणाली होती ती. माझ्यासारखा गाढव मीच.

१४ जून, शनिवार

डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. उजवा डोळा गेला. डाव्यानं नळीतून बघावं तेवढंच दिसतं, तेही धूसर. गेलं ते परत येत नाही. थेंब न चुकता घातले तर आहे ते टिकेल.

एक थेंबसुद्धा चुकू देणार नाही.

१५ जून, रविवार

सुप्रीता म्हणाली, "काकूंना हलवायचं नाही. मदत त्यांच्या घरी न्यायची." मी म्हणालो, हे तुझ्या कधी लक्षात आलं? ती म्हणाली, "बाल्कनीच्या काचेवर आपटल्या तेव्हा. पण तुम्ही बरण्या भरत होतात. काही ऐकायच्या मनःस्थितीत होतात का?"

गुजरीवाल्याकडे गेलो. दोन तास ढिगारा उपसला. चौकोनी डबा सापडला, फुटक्या काठाची बरणी सापडली, एकूण सातातले सहा मिळाले. साखरेचा तेवढा नाही. अल्युमिनियम म्हणून तो आधीच वितळवायला गेला. गुजरीवाला म्हणाला, "सार, तुम्हीच दिलात की!" खरं आहे.

संध्याकाळी मांडणी चार बोटं खाली आणली. गॅस उजवीकडे नेला. काकू उंबऱ्यावर खुर्ची टाकून सांगत होती आणि मी ऐकत होतो. "हळद स्वल्प अलीकडे. आणखी. हां, सरी." चोवीस काचेच्या बरण्या यशश्रीला देऊन टाकल्या. तिची मी माफीही मागितली. ती म्हणाली, "इट्स ओके काका, पण ते पंथाचं मी ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगितलंय."

२२ जून, रविवार

मदतीला बाई मिळाल्या. विद्या, दोन गल्ल्यांपलीकडच्या. आधी एका शाळेत मुलांना सांभाळायच्या. सकाळी सात ते नऊ, संध्याकाळी सहा ते आठ. थेंब, चिरणं, फोडणी, कपडे. मी कामाच्या सूचना दोन पानं छापून नेल्या होत्या. काकूनं त्या हातातसुद्धा घेतल्या नाहीत. विद्याबाईंना म्हणाली, "आतून पाण्याचा तांब्या आणा." त्यांनी आणला. काकू एक घोट प्याली. "आता परत ठेवा." त्या ठेवून आल्या. मग काकू स्वतः उठली, आत गेली, हात लांब केला. तांब्या होता तिथंच होता, एक बोटही इकडे-तिकडे नाही.

"सरी," काकू म्हणाली. "नाळे बा." उद्यापासून या.

माझ्या दोन पानांचं सुप्रीतानं खालच्या खणात अंथरूण केलं.

३० जून, सोमवार

यशश्री गेली. तिच्या गळ्यात पडून काकू रडली. मग मला म्हणाली, "आता वर कुणी भाडेकरू ठेवू नको इतक्यात. तुम्ही दोघं शनिवार-रविवार येऊन राहत जा." काकूनं काही मागायची ही पहिलीच वेळ. मी लगेच हो म्हणालो, तिनं विचार बदलायच्या आत.

१३ जुलै, रविवार

काल चिकपेटला साखरेसाठी नवा डबा घ्यायला गेलो. चार दुकानं पालथी घातली. तसाच अल्युमिनियमचा, तेवढाच उंच. झाकण फिरवून बघितलं, तळ टेकवून बघितला, एकाचा काठ वाकडा होता म्हणून परत केला. दुकानदार वैतागून म्हणाला, "सार, साखर ठेवायची आहे की अंतराळात पाठवायचाय?" शेवटी एक निघाला, अगदी निर्दोष. माझ्या हातून पास झालेला.

आज सकाळी काकूनं हाक मारली. "आंघोळ झाली? पंचा नेसून आत ये."

"आत?"

"मडीत आलास तर काय हरकत आहे?"

उंबऱ्यावरची रेघ ओलांडून मी आत गेलो. सुप्रीता आणि विद्याबाई बाहेरून हसत होत्या, कारण ओल्या पंच्यात माझं पोट फार दिसतं. काकूनं नवा डबा दोन्ही हातांत घेतला. सगळीकडून अंगठा फिरवला.

"गुळगुळीत आहे," म्हणाली.

"एकही दोष नाही. मी तपासलाय."

"मग हा साखरेचा आहे हे मला कसं कळणार?" तिनं खलातला बत्ता उचलला आणि माझ्या हातात दिला. "मार इथं. झाकणाखाली दोन बोटं."

"काकू, नवा आहे!"

"जुनाही नवाच होता. तू मारलास तेव्हा."

मला आठवत नव्हतं. तिनं सांगितलं. आई गेल्यावर मला तिच्याकडे आणून सोडलं, त्याला चार दिवस झाले होते. मी जेवत नव्हतो, बोलत नव्हतो. चौथ्या दिवशी साखर मागितली. आजी म्हणाली, मडीचा डबा आहे, शिवू नको. मी हा बत्ता घेतला आणि सगळ्या जोरानं डब्यावर हाणला. आजी किंचाळली. काकूनं मला उचलून घेतलं, तोच डबा उघडला आणि मूठभर साखर माझ्या तोंडात घातली, आजीच्या देखत. त्या दिवसापासून काकूनं आजीची मडी पाळली नाही.

"तेव्हापासून पंचेचाळीस वर्षं तिथं अंगठा ठेवून डबा उचलतेय," काकू म्हणाली. "तू शाळेत गेलास, कॉलेजला गेलास, लग्न करून गेलास. मी रोज सकाळी कॉफीच्या वेळी अंगठा तिथं ठेवायची. म्हणायची, हा बघ, हा इथं आहे."

मी डबा ओट्यावर धरला आणि बत्ता मारला. हलकाच लागला. काकूनं अंगठा फिरवून बघितला.

"नापास," म्हणाली. "राग येऊ दे की स्वल्प. एरवी येतो तेवढा."

आयुष्यात पहिल्यांदा मला हवा असताना राग येईना. डोळ्यांत पाणी येत होतं, समोरचा डबा नीट दिसत नव्हता. दुसरा ठोका हुकून ओट्यावर बसला. बाहेरून सुप्रीता म्हणाली, "अहो, ओटा सोडा!" तिसऱ्याला डबा आत गेला.

काकूनं तो घेतला. झाकणाखाली दोन बोटं मोजली, अंगठा ठेवला. थोडा डावीकडे सरकवला. मग तो बसला.

"पास," म्हणाली, आणि साखर भरायला घेतली.